बुरशीला नडणारा मका: वाणातली प्रतिकारशक्ती किती खरी, किती अपुरी

परतीचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, की शिरोळपासून गडहिंग्लजपर्यंत उभ्या मक्यात एकच गोष्ट घडते. कणसावरची पानं वाळून सैल झालेली असतात. त्यातून पाणी आत उतरतं आणि शेंड्याकडून बुरशी धरते. पानं सोलून बघा. शेंड्याच्या दाण्यांवर पिवळट हिरवी भुकटी दिसली तर ती ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्यावर फुंकर मारू नका, ती भुकटी म्हणजे लाखो बीजाणू असतात आणि ते नाकात जातात. शेजारच्या कणसात पांढरी, कडेनं गुलाबी, कापसासारखी बुरशी इथं चार तिथं सहा अशी विखुरलेली दिसली, आणि काही दाण्यांच्या माथ्यावरून पांढऱ्या रेघा ताऱ्यासारख्या फुटलेल्या दिसल्या, तर ती फ्युजेरियम. पहिली बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, दुसरी फ्युमोनिसिन.

अशा हंगामानंतर बियाण्याच्या दुकानात हमखास विचारणा होते: बुरशी न धरणारं वाण आहे का? प्रश्न रास्त आहे. तांबेऱ्याला, करप्याला दाद न देणारी वाणं मिळतात, मग याला का नसावीत? खरं उत्तर असं की प्रतिकारशक्ती आहे, मोजलेली आहे, तिच्यामागची जनुकं गुणसूत्रांवर कुठं बसली आहेत याचाही बराच माग लागलेला आहे. पण ती भिंतीसारखी नाही. चोराला प्रत्येक दारात थोडं थोडं अडवणाऱ्या दहा-वीस कड्यांसारखी ती आहे. एकही कडी एकटी पुरत नाही, आणि दाणा तडकला किंवा ओला राहिला की सगळ्या एकदम निखळतात.

विषाचं माप

अफ्लाटॉक्सिनचं माप पीपीबीमध्ये सांगतात. एक पीपीबी म्हणजे एक किलो धान्यात एक मायक्रोग्रॅम. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात धान्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १५ पीपीबी आहे, म्हणजे एक टन मक्यात अवघे १५ मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाचं वजनसुद्धा याच्या कितीतरी पट भरतं. इतकं कडक माप ठेवण्याचं कारण, अफ्लाटॉक्सिन बी-१ यकृताचा कर्करोग घडवतं हे पुरतं सिद्ध झालेलं आहे आणि त्याची नोंद कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर कर्करोगापर्यंत वाटही बघावी लागत नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसानं भिजलेला, बुरशी धरलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण काविळीनं आणि पोटात पाणी होऊन गेले. त्याच घरांतली कुत्रीही मेली. २००४ साली केनियात मक्यानंच १२५ बळी घेतले.

कोल्हापूर जिल्ह्यात मक्याची भाकरी रोजची नाही. आपल्याकडे मका गोठ्यात जातो: हिरवी वैरण, मुरघास आणि भरडा. म्हणून इथं विषाची वाट दुधातून निघते. म्हशीच्या पोटात गेलेल्या बी-१ पैकी साधारण १ ते २ टक्के भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो आणि खाल्ल्यापासून एका दिवसाच्या आत दुधात दिसू लागतो. हिशेब करून बघा. भरड्यात १०० पीपीबी विष आहे, म्हैस दिवसाला ४ किलो भरडा खाते, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम आत गेले. एक टक्का धरला तर दुधात ४ मायक्रोग्रॅम. म्हैस ८ लिटर देत असेल तर लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम, आणि दुधातल्या एम-१ ची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. दोन टक्के उतरलं तर मर्यादेच्या दुप्पट. दूध उकळल्यानं किंवा पाश्चराइज केल्यानं हे विष जात नाही. भरडा भाजून, शिजवूनही जात नाही, कारण ते मोडायला लागणारी उष्णता चुलीवरच्या स्वयंपाकात येतच नाही. दूध पिणारं लहान पोर असतं, म्हणून हा विषय नुसत्या शेतमालाच्या दर्जाचा राहत नाही.

आणखी एक आकडा इथंच सांगायला हवा, कारण पुढचं बरंच त्यावर उभं आहे. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एकेका दाण्यात ४ लाख पीपीबीपर्यंत अफ्लाटॉक्सिन सापडलेलं आहे. असा ०.३ ग्रॅमचा एक दाणा १२० मायक्रोग्रॅम विष बाळगतो. तो ८ किलो स्वच्छ मक्यात मिसळला तरी तो सगळा मका १५ पीपीबीच्या काठावर येतो. ८ किलोत साधारण पंचवीस-सत्तावीस हजार दाणे असतात. वरून मूठभर दाणे उचलून केलेली तपासणी का फसते ते यावरून लक्षात येईल.

बुरशी आत शिरते कशी

ॲस्परजिलसचे बीजाणू मातीत, गेल्या वर्षीच्या धसकटांत, कुजलेल्या कणसांत असतात आणि वाऱ्यानं उडतात. मक्याला केस आले, परागकण पडले, की आठवड्याभरात केस पिवळे-तपकिरी होऊन सुकायला लागतात. ताज्या हिरव्या केसांवर बुरशीचं फार चालत नाही. सुकत्या केसांवर ती रुजते, त्यांच्याच वाटेनं कणसाच्या शेंड्यापर्यंत उतरते आणि दाण्यादाण्यांमध्ये पसरते. दुसरी वाट अळीची. २०१८ मध्ये शेजारच्या कर्नाटकातून अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आली, तेव्हापासून ही वाट रुंद झाली. अळी दाणा कुरतडते, अंगावरून बीजाणू वाहून नेते आणि मागं ओली विष्ठा टाकते. बुरशीला याहून सोयीचं काही नाही. फ्युजेरियमला अळीचं भोक ॲस्परजिलसहूनही जास्त मानवतं.

पाऊस हे अर्धंच कारण आहे. ॲस्परजिलसला ऊन आणि ताण आवडतो. केस निघण्यापासून दाण्यात चीक भरेपर्यंत पाण्याची ओढ बसली आणि तापमान पस्तिशीच्या पुढं राहिलं, तर पाऊस न पडताही विष वाढतं. ताणात रोपाची स्वतःची संरक्षक प्रथिनं कमी बनतात, दाण्याची साल बारीक तडकते आणि बुरशी मात्र ३० अंशांच्या आसपास जोमात असते. म्हणून शिरोळ-हातकणंगल्याच्या पूर्व पट्ट्यात उशिरा पेरलेला, पाण्याला मुकलेला मका आणि आजरा-भुदरगडाकडचा पावसात सापडलेला मका, दोघांचा धोका वेगळ्या कारणानं येतो. वाण निवडताना हा फरक डोक्यात हवा.

दाण्याच्या आतल्या कड्या

पहिली कडी कणसावरच्या पानांची. पानं लांब, घट्ट आणि शेंड्याच्या पुढं दोन-तीन बोटं गेलेली असली, तर पाणी आणि अळी दोन्हींना वाट अवघड होते. हा गुण आनुवंशिक आहे, डोळ्यांना दिसतो आणि निवडायला सोपा आहे. अधिक उत्पादनाच्या मागं लागताना कधी कधी हाच गुण सुटतो: कणीस मोठं होतं, पानं तोकडी पडतात आणि शेंडा उघडा राहतो.

दुसरी कडी दाण्याच्या सालीची. अमेरिकेतल्या जॉर्जियात जीटी-मास-जीके नावाच्या मक्याच्या समूहावर झालेलं काम इथं उपयोगी आहे. त्याच्या दाण्यांवर मेणाचा थर जाड आढळला. रसायनानं तो थर आणि सालीचं बाह्य आवरण काढलं, तेव्हा त्याच दाण्यांत विष वाढलं. म्हणजे साल खरोखर राखण करत होती.

पण तिथंच गोष्ट संपली नाही. प्रयोगशाळेतली एक चाचणी जवळून बघू, म्हणजे बाकीच्या कड्या दिसतील. अख्खे, न फुटलेले दाणे घेतात, ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून वरचे जंतू मारतात आणि मग एका मिलिलिटरला १० लाख बीजाणू असलेल्या पाण्यात बुडवून काढतात. दाणे सुटे सुटे मांडून ३१ अंशांवर, पूर्ण दमट हवेत सात दिवस ठेवतात. कमकुवत वाणात बुरशीचे पांढरे धागे देठाच्या टोकाशी आणि सालीच्या तड्यांशी दिसू लागतात, आठवडा भरेस्तोवर दाणा हिरव्या भुकटीनं झाकून जातो. तगड्या वाणाचा दाणा त्याच ताटलीत, त्याच हवेत, तुलनेनं स्वच्छ राहतो. सातव्या दिवशी दाणे दळून विष मोजतात.

आता याच चाचणीत दाण्याला सुईनं टोचलं तर? तगड्या वाणातही विष वाढतं, पण बऱ्याचदा कमकुवत वाणाइतकं नाही. याचा अर्थ सालीच्या आतही काहीतरी अडवतंय. आणि दाण्याचा कोंब आधी उष्णतेनं मारून टाकला तर? प्रतिकार जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे दाणा म्हणजे नुसती डबी नव्हे, आत जिवंत कोंब आहे आणि तो हल्ल्याला उत्तर देतो. ऐकायला साधी वाटली, तरी ह्या एका निरीक्षणानं संशोधनाची दिशा बदलली. सगळे सालीकडे बघत होते ते कोंबातल्या प्रथिनांकडे बघायला लागले.

त्या प्रथिनांमधलं एक चांगलं समजलेलं आहे. मक्याच्या दाण्यात स्टार्चचा साठा असतो. बुरशीला तो तसाच खाता येत नाही, ती अमायलेज नावाचं विकर सोडून स्टार्चची साखर करते. साखर मिळाली की ती वाढते आणि साखरेच्याच इशाऱ्यावर विषाचा कारखाना सुरू करते. प्रतिकारक वाणांत १४ किलोडाल्टन आकाराचं एक छोटं प्रथिन जास्त असतं, ते बुरशीचं अमायलेज बंद पाडतं. थोडक्यात, बुरशी घरात शिरली तरी कोठाराची किल्ली तिच्या हाती लागत नाही. बुरशीच्या पेशीची भिंत विरघळवणारी कायटिनेजसारखी विकरं, बुरशीच्या पेशीला भोकं पाडणारं झिआमॅटिन, ताण सोसायला मदत करणारी प्रथिनं, अशी बाकीची फौजही असते. ताणाशी संबंधित प्रथिनं प्रतिकारक वाणांच्या कोंबात जास्त सापडणं हा योगायोग नाही. जो मका दुष्काळ सोसतो तो पुष्कळदा ही बुरशीही सोसतो.

इथं एक गोष्ट नीट वेगळी ठेवली पाहिजे. बुरशीला विरोध आणि विषाला विरोध या एकच गोष्टी नव्हेत. काही वाणांत बुरशी दिसते पण विष कमी भरतं. उलट दाणा डोळ्याला स्वच्छ दिसतो आणि आत कोंबाजवळ विष असतं. त्यात शेतातली प्रत्येक ॲस्परजिलस विषारी नसते, तिच्या काही जाती विष बनवतच नाहीत. फ्युमोनिसिनच्या बाबतीत मात्र कणसाची कूज आणि विष यांचं आनुवंशिक नातं बरंच घट्ट आहे. कूज कमी असलेली कणसं निवडत गेलं तर विषही कमी होत जातं. म्हणून फ्युजेरियमसाठी वाण सुधारणं तुलनेनं स्वस्त पडतं, अफ्लाटॉक्सिनसाठी प्रत्येक टप्प्यावर विष मोजावंच लागतं.

एकाला जे तारक ते दुसऱ्याला मारक, असंही घडतं. मक्यात लॉक्स-३ नावाचं एक जनुक आहे. ते बंद पाडलेल्या रोपांत फ्युमोनिसिन घटलं, पण त्याच रोपांत अफ्लाटॉक्सिन वाढलं. सगळ्या बुरशींवर एकच उपाय सांगणारी जाहिरात वाचताना हे उदाहरण आठवावं.

मग वाण तयार व्हायला इतका वेळ का

करप्यासारख्या रोगात कधी कधी एकच दमदार जनुक काम करतं. ते चांगल्या वाणात आणायची ठरलेली रीत आहे: संकर करायचा, मग सुधारायच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत जायचं आणि दर पिढीत ते जनुक असलेली रोपं ठेवायची. सहा पिढ्यांत जुन्या वाणाचा सुमारे ९९ टक्के वारसा परत येतो. वर्षात खरीप आणि रब्बी अशी दोन पिकं घेतली तर तीन वर्षांचं काम.

अफ्लाटॉक्सिनच्या प्रतिकाराला असं एक जनुक नाही. थोडा थोडा वाटा उचलणारी अनेक जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर पसरलेली आहेत. पुढचं नुसतं नाणेफेकीचं गणित आहे. अशा प्रत्येक संकरात एक जनुक पुढं जाण्याची शक्यता निम्मी. पाच जनुकं हवी असतील तर ३२ रोपांत सरासरी एकात सगळी सापडतील. दहा हवी असतील तर १०२४ रोपांत एकात. हे एका पिढीचं झालं, आणि दर पिढीला तेच. वर डोळ्यांनी बघून कोणत्या रोपात ती आहेत हे कळतही नाही.

दुसरी अडचण हवामानाची. तेच वाण एका वर्षी ५० पीपीबी दाखवतं, पुढच्या वर्षी ५००. फरक जनुकांचा की पावसाचा, हे वेगळं काढायला तेच वाण अनेक ठिकाणी, अनेक हंगाम, दर ठिकाणी तीन-चार वेळा पेरावं लागतं. नैसर्गिक लागणीवर विसंबता येत नाही, कारण बुरशी लागलीच नाही तर कमकुवत वाणही तगडं दिसतं. म्हणून बुरशी मुद्दाम टोचतात. निम्म्या झाडांना केस आल्यावर सात दिवसांनी वरच्या कणसाच्या पानांखाली सुई घालून ३.४ मिलिलिटर द्रावण सोडतात, त्यात सुमारे ३० कोटी बीजाणू असतात. कणीस पिकल्यावर सगळे दाणे काढून, वाळवून, दळून, मिसळून नमुना काढतात. हे शेकडो वाणांसाठी करायचं. विष मोजायचा खर्च इथं सगळ्यात जास्त येतो.

एवढं असूनही प्रतिकाराचे खात्रीचे स्रोत हातात आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मिसिसिपीतल्या केंद्रानं एमपी-३१३-ई, एमपी-४२०, एमपी-७१५, एमपी-७१७ असे शुद्ध वंश दिले. त्यांतल्या एमपी-३१३-ई चा मोठा वाटा चौथ्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्यात सापडला आणि वेगवेगळ्या प्रयोगांत तो पुन्हा पुन्हा दिसला. नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेनं अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर काम करून २००८ मध्ये टीझेडएआर-१०१ ते १०६ हे सहा वंश खुले केले. आफ्रिकी आणि अमेरिकी मक्याची सांगड घातल्यामुळं ते उष्ण भागाला जवळचे आहेत.

मग हे थेट पेरत का नाहीत? कारण हे संकरित वाणाचे आई-बाप आहेत, शेतात पेरायचं वाण नव्हे. मिसिसिपीचे वंश उंच वाढतात, उशिरा पिकतात, लोळतात आणि उत्पादनात मागं पडतात. प्रतिकाराची जनुकं ओढून आणताना त्यांच्या शेजारची ही नको असलेली जनुकंही चिकटून येतात. शिवाय प्रतिकार बेरजेनं चालतो. एकट्या आईत असून भागत नाही, आई आणि बाप दोघांत असला तरच संकरित वाणात पुरेसा उतरतो. म्हणजे दोन्हीकडचे वंश सुधारायचे.

आता कामाची पद्धत बदलते आहे. एकेक जनुक पकडण्याऐवजी गुणसूत्रांवरच्या हजारो खुणा एकदम वाचून, कोणत्या रोपात चांगला वारसा एकूण जास्त आहे याचा अंदाज बांधतात. बिया पेरून सहा महिने वाट बघायची आणि मग विष मोजायचं, त्याऐवजी कोवळ्या पानाच्या तुकड्यावरून निम्मी-अधिक छाटणी होते. अनेक छोट्या जनुकांच्या गुणासाठी हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. दुसरीकडे २०१७ मध्ये अमेरिकेत असा मका बनवला गेला, ज्याच्या दाण्यात तयार होणारे छोटे रेणू बुरशीच्या पेशीत शिरून तिच्या विष बनवण्याच्या एका कळीच्या जनुकाचं तोंड बंद करतात. बुरशी दाण्यावर वाढली, पण त्या दाण्यांत मोजता येईल इतकं अफ्लाटॉक्सिन मिळालं नाही. कल्पना फार देखणी आहे. पण तो जनुक बदललेला मका आहे, आणि आपल्याकडे अशा मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही. तेव्हा येत्या हंगामाचं नियोजन त्यावर करता येत नाही.

कोल्हापुरात अखिल भारतीय समन्वित मका संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, राहुरी विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. अशा केंद्रांत वाणांच्या चाचण्या उत्पादन, पक्वतेचे दिवस, करपा, खोडकूज अशा गुणांवर होतात. बियाण्याच्या पिशवीवर अफ्लाटॉक्सिनचा आकडा नसतो आणि तसा कुणी तोंडी सांगितला तर तो कोणत्या हंगामात, किती ठिकाणी, बुरशी टोचून मोजला की नुसता, हे विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तो आकडा सोडून द्यावा.

दुकानात आणि शेतात काय बघायचं

वाण निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. गेल्या हंगामात ते वाण ज्याच्या शेतात होतं तिथं जाऊन पंचवीस कणसं बघा: किती कणसांचा शेंडा उघडा आहे? पाचापेक्षा जास्त असतील तर परतीच्या पावसात सापडणाऱ्या शेतासाठी ते वाण नको. कणीस पिकल्यावर खाली झुकतं का बघा, झुकलेल्या कणसात पाणी साचत नाही. दाणा टणक, काचेसारखा आहे की माथ्यावर खळगा पडलेला मऊ, हेही बघा, टणक दाण्यात मळणीवेळी तडे कमी जातात. मग पक्वतेचे दिवस मोजा. जूनच्या मध्यावर पेरलेलं १०० दिवसांचं वाण सप्टेंबरअखेर हाती येतं, ११५-१२० दिवसांचं थेट परतीच्या पावसात सापडतं. प्रतिकारक जनुकांपेक्षा हा पंधरवडा जास्त वाचवतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाण्याची सोय असेल तर तुरा, केस आणि चीक भरणं या तीन वेळा ताण पडू देऊ नका. नत्रही वेळेवर द्या, उपाशी मक्यात अफ्लाटॉक्सिन वाढतं हे अनेकदा मोजलेलं आहे. लष्करी अळीचा बंदोबस्त पोंग्यात असतानाच करायचा. ती कणसात गेली की फवारा पोचत नाही.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पीक पक्व झालं, तेव्हा ओल ३० ते ३५ टक्के असते. २० ते २५ टक्क्यांवर कणसं काढावीत. शेतात उभं ठेवून वाळवण्याचा मोह पावसाळी वर्षात महाग पडतो. काढतानाच बुरशीची, अळीची, पाखरांनी फोडलेली कणसं वेगळी करा. ती गोठ्यात टाकू नका, जाळून किंवा खोल पुरून टाका. कणसं किंवा दाणे शेणामातीच्या खळ्यावर न टाकता ताडपत्रीवर, दोन इंचांपेक्षा पातळ थरात, दिवसातून चार-पाच वेळा हलवत वाळवा. मळणी यंत्राचा वेग जास्त असला की दाणे फुटतात, आणि वाणाच्या सालीत कितीही मेण असलं तरी फुटलेल्या दाण्याला त्याचा उपयोग नाही. मळल्यावर चाळून कणी आणि चुरा बाजूला काढा. पोत्यातलं विष बरंचसं त्या चुऱ्यात असतं, आणि नेमका तोच चुरा स्वस्त म्हणून जनावरांसाठी ठेवला जातो.

साठवणीला ओल १३ टक्क्यांच्या आत हवी. ओलमापक नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे पूर्ण कोरडं मीठ टाका, पाव बाटली मका भरा, बूच लावून एक मिनिट जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी आणखी एक-दोन उन्हं द्या, कारण पंधराच्या खालचा फरक ही बाटली दाखवत नाही. पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर ठेवा. सोंडे किडे श्वासातून ओल सोडतात आणि कोरड्या पोत्याच्या मधोमध बुरशीला जागा करून देतात.

अतिनील किरणांचा दिवा लावून हिरवट चमक बघण्याची पद्धत काही व्यापारी वापरतात. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते, बुरशीनं बनवलेल्या कोजिक आम्लापासून येते. चमक दिसली तर संशय धरावा, दिसली नाही म्हणून माल निर्धोक मानू नये.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर पोत्याच्या तोंडाशी हात घालून पाव किलो उचलू नका. बंबीनं, म्हणजे पोत्यात खुपसायच्या पोकळ नळीनं, प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं घेत पाच किलो जमवा, सगळं दळून मिसळा आणि त्यातून नमुना द्या. पशुखाद्यातल्या बी-१ साठी भारतीय मानकात २० पीपीबी ही मर्यादा आहे. त्याहून जास्त निघालं तर तो भरडा दुभत्या म्हशीला बंद करावा. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळली तर ती आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते आणि दुधातलं प्रमाण घटवते, पण खराब मका त्यानं चांगला होत नाही, आणि फ्युमोनिसिनवर तिचा फारसा इलाज चालत नाही. भरडा बदलल्यावर दुधातलं एम-१ तीन-चार दिवसांत उतरतं. पाचव्या दिवशी त्याच म्हशीच्या दुधाचा नमुना पुन्हा तपासून घ्यावा.